गवताच्या वाटेने तलासरी

डहाणू रोडला लोकलमधून उतरलेली बहुतेक माणसं रिक्षा धरून समुद्रावर जातात. मीही आधी तिकडेच गेलो. ओहोटी लागली होती. सुरूच्या बनापलीकडे ओल्या वाळूत कुरवांचा थवा वाऱ्याकडे तोंड करून बसलेला, आणि पाण्याच्या कडेला तुतवारांची लगबग. उत्तरेकडचे हे हिवाळी पाहुणे सुरेखच. पण डिसेंबरातलं डहाणू बघायचं तर समुद्राकडे पाठ करावी, असं माझं मत.

चिकूच्या वाड्यांमधून कोसबादच्या टेकडीवर आलो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ साली बोर्डीहून आपलं बालशिक्षणाचं काम इथे घेऊन आल्या. वारल्यांची पोरं गुरांमागे रानात. ती शाळेत येणार कधी? मग शाळाच रानात गेली, कुरणशाळा म्हणून. शिक्षणावरच्या जाडजूड अहवालांपेक्षा मला ही युक्ती जास्त पटते.

पुढे तलासरीकडे जाताना दुतर्फा कापलेली कुरणं. गवत निघालं की उंदीर, टोळ उघड्यावर येतात, म्हणून शिकाऱ्यांची चंगळ. प्रत्येक उंच काडीवर एखादा गप्पीदास शेपूट उडवत बसलेला. एक खरुची हवेत जागच्या जागी पंख फडफडवत थांबली, दगडासारखी खाली आली आणि रिकाम्या पायांनी वर गेली.

याच गवतापायी इथे माणसं मेली आहेत. मुंबईच्या तबेल्यांना गवत जायचं ते या भागातून. कापणारे वारली, पैसा जमीनदार-व्यापाऱ्यांचा. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी माणूस बायकोसकट जन्माचा राबायचा, त्याला लग्नगडी म्हणत. २३ मे १९४५ रोजी झरी गावात, तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यात, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने सभा झाली आणि आदिवासींनी वेठ बंद करायचं ठरवलं. पावसाळा सरला, कापणीचा हंगाम आला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मिळाल्याशिवाय विळा उचलायचा नाही, असा संप झाला. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. गोदावरीबाईंनी हा सगळा लढा पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिला. डहाणूला येणाऱ्याने चिकू नंतर घ्यावेत, पुस्तक आधी वाचावं.

झरीच्या रस्त्याला रिक्षावाल्याने एका झाडाखाली वेग कमी केला. बुंध्याशी शेंदूर फासलेला वाघदेव. त्यावर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले. वाघ इथून केव्हाच गेला. बिबट्या आहे, आणि वाघबारशीला पूजाही चुकत नाही, असं तो म्हणाला.

आता गवत कापायला काय मजुरी पडते, मी विचारलं.

“मजुरीचं सोडा, माणूस तर मिळू दे,” तो म्हणाला. “पोरं सकाळीच उंबरगाव, वापीच्या कंपन्यांत जातात. आमची दोन्ही तिकडेच आहेत.”