हिंदूरावांच्या टेकडीवर

दिल्ली बघायला आलेला मराठी माणूस लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट करतो आणि इतिहासाची ओढ असेल तर पुढच्या दिवशी पानिपत गाठतो. पानिपतच्या वाटेवर, दिल्लीतून बाहेर पडण्याआधीच, जवळ एक टेकडी आहे. तिच्यावर सम्राट अशोकाचा स्तंभ आहे, फिरोजशाह तुघलकाची शिकारगाह आहे, कंपनी सरकारच्या एका बड्या साहेबाचा बंगला होता, सत्तावनच्या युद्धाचं स्मारक आहे. आणि या परिसराला जे नाव पडलंय ते कागलच्या घाटग्यांपैकी एकाचं आहे: हिंदूराव. मी कोल्हापूरची. दिल्लीच्या नकाशावर हे नाव वाचलं तेव्हापासून तिथे जायचं मनात होतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी पुलबंगशच्या मेट्रो स्टेशनवर उतरलो. सोबत भाचा होता. तो जवळच दिल्ली विद्यापीठात शिकतो आणि या टेकडीवरून त्याचं येणं-जाणं असतं. ई-रिक्षावाल्याला 'हिंदूराव' एवढंच सांगितलं. त्याने खालपासून वरपर्यंत आमच्याकडे बघून विचारलं, "मरीज कौन है?" दिल्लीकरांसाठी हिंदूराव म्हणजे दवाखाना. महानगरपालिकेचं हे मोठं रुग्णालय आहे आणि उत्तर दिल्लीतली गोरगरीब माणसं इथेच येतात. चढावर रिक्षा मंदावली तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, मला वाटायचं हिंदूराव म्हणजे कुणीतरी मोठे डॉक्टर असणार."

त्याला सांगितलं ते इथेही सांगते. हिंदूराव हे महाराणी बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. वडील सखाराम ऊर्फ सर्जेराव घाटगे. १७९८ मध्ये पुण्यात बायजाबाईंचं दौलतराव शिंद्यांशी लग्न झालं आणि सर्जेराव शिंद्यांचे दिवाण झाले. त्याच वर्षी त्यांनी पैशासाठी पुण्यातल्या सावकारांचे आणि सरदारांचे जे हाल केले, ते पुणेकरांनी पिढ्यान्‌पिढ्या विसरले नाहीत. राजर्षी शाहू महाराज जन्माने याच कागलकर घाटग्यांपैकी, म्हणून आमच्याकडे घाटगे म्हटलं की आधी महाराजच डोळ्यांसमोर येतात. पण सर्जेरावही त्याच मातीतले आहेत, आणि आपल्या माणसाचा माग काढत इतक्या लांब आल्यावर हे पान उलटून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही.

दौलतराव १८२७ मध्ये गेले. मग बायजाबाईंनी ग्वाल्हेरचा कारभार स्वतः चालवला आणि चांगला चालवला. काशीच्या ज्ञानवापीवरचा दगडी खांबांचा मंडप १८२८ मध्ये त्यांनीच बांधला. १८३३ मध्ये दत्तक जनकोजीरावांच्या बाजूने फौज उठली आणि बाईंना ग्वाल्हेर सोडावं लागलं. बहिणीची सत्ता गेल्यावर भाऊही दिल्लीला येऊन राहिला आणि त्याने या टेकडीवरचा बंगला घेतला.

बंगला बांधला होता विल्यम फ्रेझरने. हा दिल्लीतला कंपनीचा सर्वांत मोठा अधिकारी. गाव सोडून टेकडीवर, वाऱ्याच्या जागी त्याने घर केलं. २२ मार्च १८३५ च्या रात्री तो घरी परतत असताना त्याच्यावर गोळी झाडली गेली. खुनाच्या कटाबद्दल फिरोजपूर झिरक्याचे नवाब शम्सुद्दीन अहमद खान यांना त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काश्मिरी दरवाजाजवळ फाशी दिलं. उर्दूतले मोठे शायर दाग देहलवी ते या नवाबाचे चिरंजीव. बाप गेला तेव्हा पोर चार वर्षांचं होतं. अशा घरात हिंदूराव राहायला आले. गोऱ्या साहेबांमध्ये त्यांची ऊठबस होती. १८५७ च्या आधीच ते वारले आणि घर रिकामं पडलं. लढाई त्या रिकाम्या घरावर आली.

रुग्णालयाच्या फाटकाशी नेहमीची गर्दी होती. केसपेपर हातात धरलेली माणसं, चहाच्या टपऱ्या, केळ्यांच्या गाड्या, स्टीलच्या डब्यात घरचं जेवण घेऊन आलेल्या बाया. आवारातल्या पहारेकऱ्याला पीर गायब कुठे म्हणून विचारलं तर त्याने हात वर करून नीट वाट दाखवली.

पीर गायब मला या टेकडीवरची सर्वांत विलक्षण जागा वाटते. फिरोजशाहने चौदाव्या शतकात इथे कुश्क-ए-शिकार नावाचा शिकारीचा महाल उभारला, त्याचा हा उरलेला तुकडा. तुघलकी बांधकाम ओळखायला सोपं असतं: घडाई न केलेले दगड, भरपूर चुना, जाडजूड भिंती, सजावटीचा मोह नाही. दोन मजली इमारत आहे. अरुंद जिन्याने वर गेलं की दोन खोल्या, पश्चिमेच्या भिंतीत मिहराब, आणि एका खोलीत कबरीसारखा चौथरा. इथे राहणारे पीर एक दिवस अचानक नाहीसे झाले अशी लोकांची श्रद्धा, म्हणून पीर गायब. चौथऱ्याजवळ अगरबत्तीची राख आणि गुलाबाच्या ताज्या पाकळ्या होत्या. आवारात ज्यांचं माणूस खाटेवर आहे, त्यांपैकीच कुणीतरी सकाळी वर येऊन गेलं असणार.

गच्चीवर दगड-चुन्याचं एक पोकळ नळकांडं आहे आणि त्याखाली छताला आरपार भोक. खाली उभं राहून वर बघितलं तर आभाळाची एक निळी टिकली दिसते. ग्रहतारे बघण्यासाठी ही सोय केली असावी असं अभ्यासकांना वाटतं. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी देशाची त्रिकोणमितीय मोजणी काढली तेव्हा याच गच्चीचा ठाणं म्हणून उपयोग केला. टेकडीचा माथा, चारही दिशा मोकळ्या. सुलतानाला आणि मोजणीदाराला एकच जागा सोयीची वाटली. भाचा बराच वेळ त्या भोकाखाली मान वर करून उभा होता.

शेजारची बावडी तुघलक काळातलीच, मोठी आणि खोल. झाडोऱ्यातून आणि कठड्यावरून जेवढी दिसते तेवढी बघायची.

फाटकाबाहेर पडून रिज रोडने थोडं दक्षिणेकडे गेलं की रस्त्याकडेला अशोकाचा स्तंभ उभा आहे. याच्यासाठी तरी मराठी वाचकांनी इथे यावं. दहा मीटर उंचीचा हा वालुकाश्माचा खांब अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात मेरठला उभारला होता. फिरोजशाहने तो तिथून काढून १३५६ च्या सुमारास दिल्लीला आणला आणि आपल्या शिकारीच्या महालात लावला. त्याने आणलेला दुसरा स्तंभ टोपऱ्याचा, तो फिरोजशाह कोटल्यात आहे. तो कसा हलवला याचं वर्णन इतिहासकार शम्स सिराज अफीफने लिहून ठेवलंय: खांबाभोवती सावरीच्या कापसाच्या गाद्या रचल्या, तो हळूहळू त्यांवर आडवा केला, बोरू आणि कातड्यात गुंडाळला, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढवला, एकेका चाकाला दोरखंड बांधून शेकडो माणसं लावली आणि यमुनेवर नावांत घालून आणला. इतकी जिवापाड काळजी घेणाऱ्या सुलतानाला त्यावर काय कोरलंय ते मात्र कुणीच वाचून दाखवू शकलं नाही.

ते वाचलं १८३७ मध्ये इंग्रज अभ्यासक जेम्स प्रिन्सेपने. अशोकाच्या स्तंभलेखांत एक आज्ञा प्राण्यांच्या अभयाची आहे. पोपट, मैना, चक्रवाक, हंस यांच्यापासून सुरुवात करून कोणते जीव मारायचे नाहीत याची मोठी यादी तिच्यात दिली आहे. हे लेख अंगावर घेतलेला खांब साडेतीनशे वर्षं शिकारीच्या महालात उभा होता. मी स्तंभाच्या पायथ्याशी उभी राहून अक्षरं शोधत होते. काही भाग घासून गुळगुळीत झालाय, काही ठिकाणी उन्हाच्या तिरिपीत ब्राह्मीच्या बारीक रेघा उमटतात. चबुतऱ्याभोवतीच्या वेड्या बाभळींवर पोपटांचा थवा कलकलत होता. हे मी सजवून सांगत नाही. या टेकडीवर पोपट खरोखरच उदंड आहेत, माकडंही.

खांब अखंड नाही. मुघल बादशहा फर्रुखसियरच्या कारकिर्दीत, १७१३ ते १७१९ च्या दरम्यान, दारूखान्याचा स्फोट होऊन त्याचे पाच तुकडे झाले. ते शंभरावर वर्षं तसेच पडून होते. जागा हिंदूरावांकडे आली त्या सुमारास लेख असलेला भाग कापून कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. १८६६ मध्ये तो परत आला आणि पुढच्या वर्षी तुकडे जोडून स्तंभ इथे पुन्हा उभा केला. जोडाच्या रेघा स्पष्ट दिसतात. चबुतऱ्यावरच्या इंग्रजी पाटीत अशोक आहे, फिरोजशाह आहे, स्फोट आहे आणि शेवटी खांब उभारणारं ब्रिटिश सरकार आहे. हिंदूरावांचा उल्लेख नाही. मला त्याचा राग आला, आणि मग वाटलं, पाटी वाचणारे किती आणि हिंदूराव म्हणणारे किती! या टेकडीवर प्रत्येक सत्तेने आधीच्यांच्या दगडाला आपली पाटी लावली. ज्याने पाटी लावली नाही त्याचं नाव रिक्षावाल्यांच्या तोंडी राहिलं.

आणखी थोडं पुढे अजितगढ. लाल दगडाचा, अष्टकोनी, चर्चच्या मनोऱ्यासारखा निमुळता होत गेलेला हा स्तंभ इंग्रजांनी १८६३ मध्ये आपल्या सैन्याच्या स्मरणार्थ बांधला. ८ जून १८५७ ला बदली की सरायची लढाई जिंकून इंग्रजी फौज या टेकडीवर चढली आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत इथेच अडकून पडली. हिंदूरावांचं घर हा त्यांचा मुख्य मोर्चा. मेजर चार्ल्स रीडच्या हाताखाली सिरमूर पलटणीचे गुरखे तो राखत होते. शहराच्या तटातल्या मोरी बुरुजावरच्या तोफा घरावर सतत आग ओकत. शहरातल्या शिपायांनी या मोर्च्यावर सव्वीस वेळा चाल केली. गुरखा पलटणीच्या ४९० माणसांपैकी ३२७ मेली किंवा जखमी झाली. वेढ्यानंतर फेलिचे बिआतोने १८५८ मध्ये काढलेलं त्या घराचं छायाचित्र आहे. खांब शाबूत, भिंतींना भगदाडं. भाडोत्री बंदुका घेऊन नेपाळच्या डोंगरातली पोरं एका मराठ्याच्या ओस घरात मेली आणि समोरून अवधची, मेरठची पोरं मेली, हे त्या चित्रात दिसत नाही. टेकडीवर उभं राहिलं की सुचतं.

स्मारकावरच्या संगमरवरी फलकांत इंग्रज अधिकाऱ्यांची नावं आहेत, पलटणींची हानी आकड्यांत आहे, आणि समोरच्यांना 'शत्रू' म्हटलंय. १९७२ मध्ये, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, स्मारकाचं नाव अजितगढ ठेवलं आणि एक नवा फलक बसवला. इथे ज्यांना शत्रू म्हटलंय ते देशाच्या मुक्तीसाठी शौर्याने लढलेले वीर होते, असा त्याचा आशय. जुना फलक फोडला नाही, झाकला नाही, शेजारी आपलं म्हणणं मांडलं. स्मारकांशी भांडावं तर असं. भाच्याने दोन्ही फलकांचे फोटो काढून लगेच मित्रांना पाठवले.

परत उत्तरेकडे चालत चौबुर्जी मशीद गाठली. ही फिरोजशाहच्याच काळातली, नावात चार बुरूज आणि जागेवर एक. तिथून फ्लॅगस्टाफ टॉवर, १८२८ चा. ११ मे १८५७ ला मेरठचे शिपाई दिल्लीत शिरले तेव्हा छावणीतल्या गोऱ्या बायकामुलांनी याच गोल बुरुजात दिवस काढला आणि संध्याकाळी कर्नालची वाट धरली. आता भोवती विद्यापीठातली जोडपी आणि फिरायला येणारे आजोबा असतात. माकडांपासून डबा सांभाळावा लागतो.

दुपारी काश्मिरी दरवाजाजवळच्या सेंट जेम्स चर्चमध्ये गेलो. कर्नल स्किनरने बांधलेलं, १८३६ मध्ये पूर्ण झालेलं हे पिवळं घुमटाचं चर्च. त्याच्या अंगणात स्किनरने मित्रासाठी, म्हणजे विल्यम फ्रेझरसाठी, संगमरवरी कबर बांधली. सत्तावनमध्ये तिची बरीच मोडतोड झाली. घर बांधणारा इथे आहे आणि नाव मागे ठेवणाऱ्याच्या नावाची दुसरी वस्ती, बाडा हिंदूराव, सदर बाजाराच्या बाजूला आहे. गोण्या, हातगाड्या, घाऊक मालाची दुकानं, त्यात पोलीस ठाण्याची निळी-लाल पाटी: थाना बाडा हिंदूराव. तिथल्या गर्दीत हे सगळं कुणाला सांगायला उसंत नाही, आणि त्याची गरजही मला वाटली नाही.

पानिपतला जाणाऱ्यांनी या टेकडीसाठी एक सकाळ काढावी, आणि आणखी अर्धा दिवस असेल तर यमुनेपलीकडे नोएडात जावं. तिथल्या गोल्फच्या मैदानात, परवानगी काढली तर, इंग्रजांनी उभारलेला एक दगडी स्तंभ बघायला मिळतो. ११ सप्टेंबर १८०३ ला पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने दौलतराव शिंद्यांची फौज मोडली, त्याचं ते स्मारक. पाच दिवसांनी लेक लाल किल्ल्यात आंधळ्या मुघल बादशहा शाहआलमला भेटला आणि महादजींनी मिळवलेली दिल्ली मराठ्यांच्या हातून गेली. दौलतरावांचे मेव्हणे हिंदूराव दिल्लीत घर करायला आले ते त्यानंतर तीसेक वर्षांनी, कंपनीच्या दिल्लीत, कंपनीच्याच मेलेल्या साहेबाच्या बंगल्यात.