वीतभर भिंतीचं भांडण

घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांत आम्ही काम करतो. सर्व्हेची चाहूल लागली, की शेजाऱ्याने भिंत वीतभर पुढे घेतली म्हणून पोलीस चौकी गाठली जाते. एकाच विहारात बसणारी माणसं! झोपु योजनेत राहत्या झोपडीच्या आकारावर घर ठरत नाही. झोपडी शंभर फुटांची असो वा दोनशेची, पात्र कुटुंबाला ३०० चौरस फूटच. खरा प्रश्न पुराव्याचा: १ जानेवारी २००० पूर्वीचा असेल तर घर मोफत, २०११ पर्यंतचा असेल तर पैसे भरून. जमीन तर दोघांच्याही नावावर नाही. गावच्या सातबाऱ्यावर ज्यांचं नाव कधी लागलं नाही, त्यांचा जीव भिंतीत अडकतो, हे आम्हाला कळतं. तरीही आधी जुनी मतदार यादी शोधा. बिल्डरचा माणूस सध्या दोन्ही घरी चहा पितो आहे.