काम चालू आहे

नाशिककराला काळ मोजायला सिंहस्थ पुरतो. लग्न २००३ च्या सिंहस्थाआधीचं की नंतरचं, रस्ता २०१५ मध्ये रुंद झाला की त्याआधी, असंच आपण बोलतो. वेबसाइटचं वयही आम्ही याच मापानं मोजलं आणि तिथंच फसलो.

२००३ मध्ये पंचवटीतल्या एका नातलगाच्या लॉजची वेबसाइट आम्ही दोघातिघा मित्रांनी केली. कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजायचे, नोटपॅडमध्ये एचटीएमएल लिहायचं आणि फ्लॉपीवर घालून घरी न्यायचं. घरी ती फ्लॉपी उघडली तर नशीब. रामकुंडाचा फोटो पट्टीपट्टीनं खाली उतरे, तोवर चहा पिऊन होई. वर सरकती पाटी, खाली पिवळ्या टोपीचा फावडं मारणारा कामगार आणि शेजारी ‘काम चालू आहे’. तो बिचारा पुढच्या सिंहस्थापर्यंत खणत होता. सगळ्यांत लाडका होता काउंटर. ‘आपण ०००३१२ वे पाहुणे.’ त्यांतले अडीचशे आम्हीच, पण सकाळी उठून तो आकडा पाहिल्याशिवाय चैन पडत नसे.

आता काउंटर कुणी लावत नाही. पाहुणा कुठून आला, कोणत्या पानावरून पळाला, याचा अहवाल मालकाच्या मोबाइलवर येतो. मालक तो उघडत नाही.

मराठीची तर तऱ्हाच होती. ‘आधी हा फॉन्ट उतरवून घ्या’ असं दारातच बजावून आम्ही पाहुण्यांचं स्वागत करायचो. फॉन्ट नसला की त्र्यंबकेश्वराच्या माहितीजागी इंग्रजी अक्षरांची नि चिन्हांची खिचडी दिसे. संगणकाच्या लेखी ती खिचडीच होती, मराठी हा नुसता मुखवटा. म्हणून शोधणाऱ्याला त्यातलं काही सापडत नसे. युनिकोड आलं आणि ‘रामकुंड’ लिहिलं की रामकुंड सापडू लागलं. या एका सुखावरून जुनं सगळं ओवाळून टाकावं. पण जुनी पानं नव्या लिपीत आणायचा कंटाळा आम्हीच केला. आमची हौसेची काही पानं जिओसिटीजवर होती. ऑक्टोबर २००९ मध्ये याहूनं ते दुकान बंद केलं, तेव्हा ती वाचवायचीही आठवण कुणाला झाली नाही.

लॉजची साइट मात्र तगली. मध्ये कुणीतरी तिच्यावर फ्लॅशमध्ये गोदावरीच्या हलत्या लाटा चढवल्या. २०१५ ला तारखा तेवढ्या बदलल्या. जुलै २०१८ पासून क्रोम पत्त्याशेजारी ‘सुरक्षित नाही’ असं लिहू लागला, तर मालक आमच्यावरच उखडले, “आमचं लॉज सुरक्षित नाही, हे कोण ठरवणार?” जानेवारी २०२१ मध्ये फ्लॅश कायमचं बंद पडलं आणि लाटांच्या जागी राखाडी चौकोन आला. तो कित्येक महिने कुणाच्या लक्षातही आला नाही. साइट म्हातारी झाली हे ओळखायला याहून मोठी खूण नको. रंग उडाला तर रंग द्यावा. पण एक तारीख बदलायला ज्याला फोन करायचा तो मुलगा पुण्याला गेलेला, पासवर्डही त्याच्याबरोबर गेलेला, अशी गत झाली की पाडून बांधावं.

भाच्यानं नवी साइट एका दुपारात उभी केली. पत्त्याशेजारचं ‘सुरक्षित नाही’ गेलं, मोबाइलवर दोन बोटांनी ताणावं लागत नाही, व्हॉट्सअॅपचं बटण आहे. झकास आहे. फक्त नाव झाकलं तर लॉज पंचवटीतलं की महाबळेश्वरचं, ते सांगता येत नाही.

जुन्या साइटवर गेस्टबुक होतं. गरम पाणी वेळेवर मिळालं म्हणून सुरतेच्या एका आजोबांनी त्यात चार ओळी लिहिल्या होत्या, खाली स्वतःचा पूर्ण पत्ता देऊन. आता पाच चांदण्या मिळतात. अर्थात शेवटी शेवटी त्या गेस्टबुकात परदेशी औषधांच्या जाहिरातीच उरल्या होत्या, हेही खरं. आजोबांच्या ओळी मात्र कुणीच उतरवून ठेवल्या नाहीत. आम्हीही नाही.

जुनी साइट काढण्याआधी तिच्यावरचा नंबर लावून पाहिला. तो अस्तित्वात नव्हता. लॅण्डलाइन कधीच परत केली होती आणि तरीही आम्ही बारा वर्षांच्या हिशेबानं निवांत होतो. आता सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे. त्याआधी, मंडळी, आपल्याच साइटवरून स्वतःला एकदा फोन लावून बघा.