मोरचूद, चुना आणि सातवीचा वर्ग

पावसाळा ओसरला की मोर्शी-वरुड पट्ट्यातल्या संत्राबागांमध्ये झाडांची खोडं निळसर दिसू लागतात. जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत त्यांना बोर्डो मलम लावलेलं असतं. डिंक्या रोगापासून झाड वाचावं म्हणून ही खटपट. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद एका भांड्यात विरघळवायचा, चुना दुसऱ्या भांड्यात विझवायचा आणि मग दोन्ही एकत्र करायचं. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, लोखंडाची नाहीत. मिश्रण तयार झालं की जाणता शेतकरी त्यात लोखंडी पातं बुडवून बघतो. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा.

याच पट्ट्यातल्या रिद्धपूरच्या आसपासच्या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकासाठी याहून चांगली प्रयोगशाळा कुठली? पात्यावर चढलेला तो थर तांब्याचा असतो. लोखंड मोरचुदाच्या द्रावणातल्या तांब्याला बाहेर ढकलतं आणि स्वतः द्रावणात जातं. चुना पुरेसा असेल तर तांबं न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसतं, मग पातं कोरंच राहतं. पुस्तकात ही विस्थापन अभिक्रिया दहावीला भेटते. शेतकऱ्याच्या मुलीला ती त्याआधी कितीतरी वर्षं बांधावर भेटलेली असते, फक्त तिला ते कुणी सांगितलेलं नसतं.

उत्साही शिक्षक हे पातं वर्गात आणतो. मोरचूद विषारी, म्हणून तो स्वतःच हाताळतो. काचेच्या ग्लासात चिमूटभर मोरचूद, पाणी, घासून लख्ख केलेला खिळा. दोन-तीन मिनिटांत खिळा तांबूस होतो आणि मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "सर, खिळा लाल काऊन झाला?" इथे शिक्षकाची खरी परीक्षा असते. उत्तर त्याच्या जिभेवर तयार आहे आणि तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा आहे. तरीही तो फळ्याकडे वळत नाही. गंज चढला असेल, असं एक पोर म्हणतं. मग कोऱ्या पाण्यात दुसरा खिळा टाकून बघू या. रंग लागला असेल, असं दुसरं म्हणतं. मग प्लास्टिकची पट्टी बुडवून बघू. तिसरा चुन्याची निवळी घालायला सांगतो, कारण बाप घरी तेच करतो. तास संपतो तेव्हा वहीत उत्तर नसतं, चार निरीक्षणं असतात. विज्ञानशिक्षणाच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: शिक्षकाचा उत्साह त्याच्या आवाजात किंवा हातवाऱ्यांत शोधू नये, उत्तर रोखून धरण्याच्या त्याच्या तयारीत शोधावा.

बोर्डो मिश्रणाची जन्मकथाही अशाच एका न रोखलेल्या प्रश्नाची आहे. फ्रान्समधल्या बोर्दो भागात रस्त्याकडेची द्राक्षं चोरांनी खाऊ नयेत म्हणून मळेवाले त्यांच्यावर मोरचूद-चुन्याचा सडा मारत. वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या लक्षात आलं की केवड्या रोगाने सगळा मळा झडला तरी कडेच्या या वेलींची पानं शाबूत राहिली आहेत. त्यांनी मळेवाल्यांना विचारलं, प्रयोग केले आणि १८८५मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलं हमखास विचारतात, चोरांना माहीत होतं का?

विचारत जाण्याची ही परंपरा रिद्धपूरला नवी नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस इथल्या महानुभाव परंपरेतल्या म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या, त्या नागदेवाचार्यांना आणि स्वामींच्या सहवासात राहिलेल्या इतरांना विचारून विचारून. ज्याने पाहिलं त्यालाच गाठायचं आणि त्याने सांगितलेलं लिहून घ्यायचं. मराठी भाषा विद्यापीठ आज याच गावात आहे, ते या वारशामुळे. सातवीच्या विज्ञानाच्या वहीत "मी पाहिलं" आणि "मला सांगितलं" असे दोन रकाने आखायला लावणारा शिक्षक या गावाला शोभून दिसेल.

पण एकट्या शिक्षकाने किती करावं? २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक हवा. कागदावर हे नीट आहे. प्रत्यक्षात विज्ञानाचा पदवीधर शिक्षक ऑनलाइन माहिती भरतो, पोषण आहाराचा हिशेब ठेवतो, निवडणुकीच्या कामाला जातो आणि उरलेल्या वेळात खिळा घासतो. उत्साह हा माणसाचा स्वभाव आहे, कुणात असतो, कुणात नसतो, असं आपण मानतो. मला हे साफ चुकीचं वाटतं. उत्साह सोबतीने टिकतो, आणि याचा पुरावा आपल्या सातपुड्याच्या पलीकडेच आहे.

मोर्शीहून उत्तरेला बैतूल, त्याच्या पुढे होशंगाबाद, म्हणजे आजचं नर्मदापुरम. तिथे १९७२मध्ये १६ उच्च प्राथमिक शाळांत 'होशंगाबाद विज्ञान' सुरू झालं. किशोर भारती आणि मित्रमंडळ केंद्र, रसूलिया या संस्थांनी ते उभं केलं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि विद्यापीठांतले शास्त्रज्ञ गावच्या शिक्षकांबरोबर बसून प्रयोग करत. १९७८मध्ये ते जिल्ह्यातल्या सगळ्या उच्च प्राथमिक शाळांत पोचलं, पुढे १९८२मध्ये एकलव्य ही संस्था उभी राहिली. 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकात उत्तरं छापलेली नव्हती, ती प्रयोगातून काढायची. परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती आणि प्रयोगाची परीक्षा वेगळी. मुलांच्या मनातले प्रश्न 'सवालीराम' नावाच्या पात्राला पत्रातून जात आणि त्यांना उत्तरं मिळत. मला या साऱ्यात सर्वांत मोलाची वाटते ती शिक्षकांची मासिक गोष्ठी. महिन्यातून एकदा आसपासच्या शाळांचे शिक्षक जमायचे, कुठला प्रयोग फसला, मुलांनी काय विचारलं, ते एकमेकांपुढे मांडायचे. २००२मध्ये मध्य प्रदेश शासनाने कार्यक्रम बंद केला. तोवर तीस वर्षं खेड्यातले साधे पगारदार शिक्षक हे काम करत होते.

टेल्कोतली नोकरी करणारे अरविंद गुप्ता १९७८मध्ये रजा काढून याच होशंगाबादला गेले. आठवडी बाजारात फिरताना त्यांना सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडता येतील असं सुचलं. ट्यूबचा अर्धा इंची तुकडा, त्यात दोन्हीकडून एकेक काडी, आणि भूमितीचे आकार मुलांच्या हातात. त्रिकोण दाबून बघा, हलत नाही. चौकोन मात्र लगेच कलतो. पुलाच्या आणि छपराच्या कैच्या त्रिकोणी का असतात, हे यानंतर सांगावं लागत नाही. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी केली. २०१८मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

महाराष्ट्रातही असे प्रयत्न झाले. १९७४मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सुरुवातीच्या काळात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला ग्रामीण शिक्षकांबरोबर काम केलं. मूल विज्ञानात अडतं तेव्हा अनेकदा ते पुस्तकाच्या भाषेत अडलेलं असतं, हे केंद्राचे वि. गो. कुलकर्णी सातत्याने मांडत राहिले. नागपूरच्या अपूर्व विज्ञान मेळाव्यात महापालिका शाळांतली मुलं बाटल्या, फुगे, नळ्या घेऊन उभी राहतात आणि पाहुण्यांना स्वतः प्रयोग समजावतात. तिथे शिक्षक मुलांच्या मागे उभा असतो, हे मला फार आवडतं.

आपल्याकडे केंद्रस्तरावर दरमहा शिक्षण परिषद भरते. तिचा बराच वेळ परिपत्रकं समजून घेण्यात जातो. त्यातला एक तास विज्ञानाच्या शिक्षकांना प्रयोगासाठी द्यावा, ही माझी आग्रहाची मागणी आहे. दर्यापूरकडच्या शिक्षकाने खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं पाणी आणावं, मोर्शीच्या शिक्षकाने आपल्याकडचं. दोन्ही पाणी स्टीलच्या ताटलीत आटवावं आणि मागे राहिलेला पांढरा थर शेजारी शेजारी ठेवावा. साबणाचा फेस कुठल्या पाण्यात किती येतो, तेही बघावं. दोघंही आपापल्या वर्गात जाऊन त्याच आठवड्यात हा धडा घेतील.

वर्गाबाहेरचं काम तर याहून रंगतदार. रिद्धपूरवर सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्याला. पहिल्या वेळी विदर्भातल्या शाळांना उन्हाळ्याची सुटी, दुसऱ्या वेळी आभाळ भरलेलं. हुन्नरी शिक्षक यावर तोडगा काढतो आणि डिसेंबर निवडतो. शाळा सुरू, आभाळ निरभ्र. मैदानात एक मीटरची काठी उभी करायची, ओळंब्याने सरळ करायची आणि दुपारी दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करत सर्वांत आखूड सावली शोधायची. २२ डिसेंबरच्या सुमाराला रिद्धपूरला ती ९९ सेंटीमीटरच्या जवळपास येते. त्याच दिवशी परभणीच्या एखाद्या शाळेने मोजली तर ९२ सेंटीमीटर.

मग कागदावर प्रमाणात त्रिकोण काढून कोनमापकाने कोन मोजायचे. फरक निघतो साधारण दोन अंशांचा. दोन्ही गावांतलं उत्तर-दक्षिण अंतर सुमारे २२० किलोमीटर, आणि दोन अंश म्हणजे पूर्ण वर्तुळाचा १८०वा भाग. गुणाकार केला की पृथ्वीचा परीघ ३९,६०० किलोमीटर येतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने इजिप्तमध्ये हेच केलं होतं. सावली मोजताना एका सेंटीमीटरची चूक झाली तर परिघात पाच-सहा हजार किलोमीटरचा फरक पडतो, त्यामुळे पहिल्या दिवशी कुठल्याच गटाचं उत्तर दुसऱ्याशी जुळत नाही. परभणीच्या शाळेला फोन लागतो, काठी खरंच सरळ होती का याची चौकशी होते, आणि दुसऱ्या दिवशी बाराच्या आधीच मुलं ओळंबा घेऊन मैदानात हजर असतात.