पवनचक्कीची जागा

गेल्या वैशाखांत माझीं दोन नातवंडें पुण्याहून साताऱ्यास आलीं होतीं. सुटींत मुलांना गुंतवून ठेवणें हा केवढा उद्योग असतो, हें वाचकभगिनींना सांगावयास नकोच. ठोसेघरचा धबधबा त्या दिवसांत कोरडा. म्हणून मीं त्यांना चाळकेवाडीच्या पठारावर नेलें. तेथील पवनचक्क्यांची रांग पाहून धाकटी नात म्हणाली, "आजोबा, आपल्या गच्चीवर पण एक लावूं या!"

हट्ट मोडण्याऐवजीं मीं घरीं येतांच गणपतीची उरलेली शाडू भिजविली. पाटावर दरी, कडा, पठार आणि पायथ्याचें गांव रचलें, समोर टेबलावरचा पंखा ठेवला, काड्यांच्या टोकांस रेशमी धागे बांधले, आणि म्हटलें, "गांवासाठीं चक्की बसवायची आहे. जागा तुम्ही ठरवा."

थोरल्यानें पहिली काडी गांवाच्या अगदीं कडेस रोंवली. धागा लोंबतच राहिला. पठाराच्या माथ्यावर मात्र तो आडवा ताठ झाला. मग मला गणित सांगण्यास वाव मिळाला: वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर शक्ति दुप्पट नव्हे, आठपट होते. म्हणूनच चक्की उभारण्यापूर्वीं उंच खांबावर यंत्रें लावून निदान वर्षभर वारा मोजतात. पुढची चक्की मागचीचा वारा खाते, म्हणून दोहोंमध्यें पात्यांच्या चक्राच्या व्यासाच्या पांचसात पट अंतर सोडावें लागतें. आणि वाऱ्यांतील सारी शक्ति कोणासच काढून घेतां येत नाहीं, कारण मग वारा चक्कीपाशींच थांबेल! बेट्झ नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें ही मर्यादा शेंकडा ५९ च्या आसपास ठरविली. (मला स्वतःला हें पेन्शन घेतल्यानंतर कळलें.)

थोरल्यानें विचारलें, "उन्हाळ्यांत पंखे लागतात, तेव्हां?" प्रश्न नेमका होता. आमच्या घाटमाथ्यावरचा खरा वारा आषाढ-श्रावणांतला. आणि त्या दिवसांत शेतीचे पंप बहुधा बंद. "मग चक्कीच्या जोडीला दुसरं कांहीं तरी हवं," असें तो आपण होऊनच म्हणाला. मला फार बरें वाटलें.

इतक्यांत धाकटीनें पठारावर मूठभर शेंगदाणे मांडले. "ह्या शेळ्या. सकाळीं पाहिल्या ना आपण? चक्की चालेल का, तें त्यांच्या धनगरमामांना विचारायला हवं."

मी गप्प बसलों. १९९९ सालीं त्याच डोंगररांगेवरचा आमच्या घराण्याचा एक तुकडा चक्क्यांसाठीं विकला गेला. कागदावर सही माझी. सातबाऱ्यावर नांव आमचें होतें; पण तेथील गवतावर एका धनगर कुटुंबाचा कळप तीन पिढ्या चरत आला होता. त्यांचें नांव कोठेंच नव्हतें, म्हणून त्यांना विचारावें हें मनांतही आलें नाहीं. पुढें तेथें रस्ता झाला, कुंपण झालें. तीं माणसें कळप घेऊन कोठें गेलीं, याची चौकशीही मीं केली नाहीं. हें सारें मीं मुलांना सांगितलें.

"आजोबा, तुम्ही एकदांही विचारलं नाहीं?"

"नाहीं."

तिनें क्षणभर माझ्याकडे पाहिलें. मग माथ्यावरची काडी उपटली आणि शेंगदाण्यांना वाट सोडून दोन बोटें अलीकडे रोंवली. धागा किंचित् सैल पडला.

"वारा कमी झाला," थोरला म्हणाला.

"किती कमी झाला, तें मोज," ती म्हणाली.