पायांच्या ओळखीची पेठ

बिऱ्हाडकरूची आपल्याकडे थोडी थट्टाच होत आली आहे. पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणारा मनुष्य म्हणजे अस्थिर, असे आपण समजतो. मला मात्र अलीकडे त्याचा हेवा वाटू लागला आहे. घर बदलण्याची विद्या त्याला अवगत असते. कोणत्या पेट्या आधी बांधाव्या, कोणते बोचके शेवटी हातात घ्यावे, शेजाऱ्यांचा निरोप किती वेळात आटोपता घ्यावा, हे सारे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. ज्याचा जन्म, मुंज, लग्न आणि निवृत्ती एकाच उंबरठ्याच्या आत झाली, त्याने सत्तरीला येऊन ही विद्या कोठून शिकावी?

२०२४ च्या चैत्रात आम्ही पुण्याच्या नारायण पेठेतले आमचे घर सोडले आणि शहराच्या पश्चिम सीमेवर, टेकडीच्या पलीकडे, एका उंच इमारतीच्या नवव्या मजल्यावर राहावयास आलो. अंतर म्हणाल तर दहा-बारा किलोमीटरांचे. पूर्वी एवढ्या अंतरासाठी कोणी निरोपाची सुपारीही हातावर ठेवली नसती. तरीही निघताना शेजारच्या वृद्ध बाईंनी पत्नीची ओटी भरली, ती मुलगी दूरदेशी सासरी निघावी तशी.

आमचे घर म्हणजे इतिहासात नाव असलेला वाडा नव्हे. शनिवारवाडा पाहावयास आलेल्या प्रवाशाने वाटेत मान वळवून पाहावे असे त्यात काही नव्हते. एक चौक, चौकाभोवती ओसरी, मागे परसू, वर एक मजला आणि त्यावर कौले. जोते काळ्या दगडाचे, खांब आणि तुळया सागवानी, भिंती मातीत रचलेल्या विटांच्या. पणजोबांनी ते विकत घेतले, आजोबांनी त्यात दोन बिऱ्हाडे ठेवली आणि वडिलांच्या हयातीत ते हळूहळू खचत गेले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जागच्या जागी गोठली. त्या कायद्याने टंचाईच्या काळात असंख्य कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर राखले, हे विसरता कामा नये. आमच्याच घरातील दोन्ही बिऱ्हाडकरूंनी त्या आधारावर आपली मुले शिकवून मोठी केली. परंतु पंधरा रुपये भाड्यात पावसाळ्यापूर्वीची शाकारणीही होईना. १९९९ चा नवा कायदा आला तोवर भाडेकरूंची मुले आपापल्या सदनिकांत गेली होती, आणि आमच्या हाती वाळवीने पोखरलेल्या तुळया व गळके छप्पर एवढेच उरले होते. पेठेतील कित्येक वाड्यांची कथा याहून निराळी नाही. मालकाला दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरूला ती करण्याचे कारण वाटत नाही, आणि दोघांच्या मध्ये भिंत फुगत जाते.

२०१२ साली मी निवृत्त झालो आणि मिळालेल्या पैशांतला मोठा भाग त्या घरात घातला. हितचिंतकांनी वेड्यात काढले. काम एका वृद्ध गवंड्याने केले. मध्यंतरी कोणीतरी भिंतींना सिमेंटचा गिलावा चढविला होता, तो पाहून त्याने कपाळाला हात लावला. जुन्या भिंतीचा स्वभाव असा की तिने पावसाळ्यात ओल घ्यावी आणि पुढे उन्हात ती सोडून द्यावी. सिमेंटने ती ओल आत कोंडली जाते आणि वीट भुसभुशीत होते. सगळा गिलावा खरवडून काढावा लागला. मग कळीचा चुना विरवून कित्येक आठवडे मुरत ठेवला. वाळू, विटांची भुकटी, गुळाचे पाणी, बेलफळाचा गर अशी त्यात भर पडत गेली. चौकात जणू एखाद्या वैद्याचा काढा उकळत असावा, असा वास महिनाभर घरभर होता. पोखरलेल्या तुळयांची तोंडे कापून त्यांना नवे सागवान जोडले, कौले उतरवून पुन्हा चढविली, आणि त्या वर्षीच्या पावसाळ्यात प्रथमच आम्हांला माजघरात परात ठेवावी लागली नाही.

ओसरीच्या एका भिंतीवर मात्र हातभर रुंदीची जागा गिलाव्यावाचून सोडली आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. मुठेचे पाणी आमच्या चौकात आले, ओसरीवर चढले आणि पुरुषभर उंचीवर चिखलाची रेघ ठेवून गेले. ती रेघ पुसावी असा गवंड्याचा विचार होता. आई तेव्हा हयात होती. ती म्हणाली, “घराला काय काय झाले ते घरावर दिसू द्या.” गवंड्याने मान डोलविली आणि रेघेभोवती चुन्याची सुबक चौकट करून दिली.

अशा घरात आम्ही एक तप काढले. परंतु आज आठवण निघते तेव्हा चुन्याच्या त्या थंडगार भिंतींपेक्षा दाराबाहेरचे जगच आधी डोळ्यांसमोर उभे राहते. दिंडीदरवाज्यातून बाहेर पडले की हाकेच्या अंतरावर वाणी, त्याला लागून इस्त्रीवाला, आणि कोपऱ्यावर दूधवाला. थोडे पुढे पत्र्या मारुती. पुण्याने आपल्या देवांना जी नावे ठेवली त्यांना अन्य गावी तोड नसावी. कोणी पत्र्या, कोणी जिलब्या, कोणी डुल्या, आणि विठोबा तर चक्क उपाशी! रोज वाटेत भेटणाऱ्यालाच अशी टोपणनावे मिळतात. वर्षातून एकदा यात्रेला जाऊन ज्याचे दर्शन घ्यावे त्याची अशी थट्टा करण्याचा धीर कोणाला होणार? दहा मिनिटांत केसरीवाडा ओलांडून अप्पा बळवंत चौक गाठावा, पुस्तके चाळावी आणि न घेताच पुढे सरकावे. नगर वाचन मंदिर तेथून जवळच; १८४८ साली निघालेल्या त्या ग्रंथालयाची वर्गणी आमच्या घरी तीन पिढ्या भरली गेली. आणखी थोडे चालले की १८८६ साली उघडलेली मंडई. परतताना लकडी पुलाकडून यावे. त्या पुलात लाकूड राहिलेले नाही, पण गावाने नाव सोडले नाही.

ही अंतरे मी घड्याळाने कधीच मोजली नाहीत, कारण ती घड्याळाला जुमानीत नसत. पत्नी कोथिंबिरीची जुडी आणावयास जाई आणि तासाने परत येई. त्या तासात एका शेजारणीच्या सुनेचे डोहाळजेवण ठरलेले असे, एका मास्तरांचा रक्तदाब कळलेला असे आणि ग्रंथालयात कोणते नवे पुस्तक आले याची वार्ताही आलेली असे. कोथिंबीर कधी कधी विसरलेली असे. पायी चालणाऱ्या माणसाला कोणीही थांबवू शकते, हेच त्याचे भाग्य. वाहनातून जाणाऱ्याला फक्त लाल दिवा थांबवितो, आणि त्याच्याशी काही संभाषण होत नाही. वडील गेले ती पहाट मला आठवते. दूधवाल्याने दारातली धावपळ पाहिली आणि काही न बोलता तो पुढे गेला. सहाच्या सुमारास, आम्ही कोणाला निरोप धाडण्यापूर्वीच, गल्लीतली चार माणसे उपरणी खांद्यावर टाकून ओसरीवर येऊन बसली होती.

कोणी विचारील, मग असे स्थळ सोडलेत कशाला? पेठ बदलली म्हणून, असे उत्तर देणे सोपे आहे आणि त्यात तथ्यही आहे. ज्या गल्ल्या बैलगाडी आणि पालखी यांच्या मापाने झाल्या त्यांतून आता दुचाक्यांचे लोंढे वाहतात. पदपथावर गाड्या उभ्या असतात आणि माणसे रस्त्यावरून चालतात. २०२१ साली महानगरपालिकेने ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा केला. तो सोहळा मी हौसेने पाहिला. त्या दिवशी लोक रस्त्याच्या मधोमध, जपून जपून, एखाद्या परक्याच्या दिवाणखान्यात वावरावे तसे चालत होते.

पण आम्हांला निघावे लागले त्याचे कारण रस्त्यावर नव्हते, घरातच होते. आमचे राहणे वरच्या मजल्यावर. खालच्या खोल्या धाकट्या भावाच्या. वर जाणारा जिना लाकडी, दोन भिंतींच्या मध्ये कोंडलेला, इतका उभा की चढताना वर टांगलेला दोर धरावा लागे. एकोणीस पायऱ्या. वाडे बांधणाऱ्यांनी जिन्याला फारशी जागा दिली नाही. चौकाला आणि ओसरीला मात्र सढळ हाताने दिली. पत्नीचे दोन्ही गुडघे निकामी होत आले, त्यातच हृदयाच्या दुखण्यामुळे शस्त्रक्रिया नको असे डॉक्टरांचे मत पडले. पुढची दोन वर्षे ती वरच्या खिडकीशी बसून होती. शेजारणी वर येत, कोथिंबीर वर येई, वार्ताही वर येत. पण ती खाली जात नसे. उद्वाहक बसवावा तर ज्या तुळया आम्ही एवढ्या जिवापाड जोडल्या त्याच कापाव्या लागत होत्या.

एका संध्याकाळी मी फिरून आलो आणि नेहमीप्रमाणे पेठेचे गुणगान आरंभिले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “अहो, तुमची पेठ दोनशे पावलांवर आहे. माझी एकोणीस पायऱ्यांखाली आहे.” त्यावर पुढे बोलण्यासारखे काही नव्हते. तो सबंध आठवडा मी दिंडीदरवाज्याबाहेर पाऊल टाकताना नकळत वर खिडकीकडे पाहात असे. पुढच्या महिन्यात आम्ही भावाशी बोलणे काढले.

घर विकले गेले. पाडून नवी इमारत उभी करणाऱ्यांनी देऊ केलेली रक्कम बरीच मोठी होती. एका तरुण कुटुंबाला ते आहे तसे राहावयास हवे होते, त्यांची रक्कम कमी. भावाला दोन मुलींची शिक्षणे करावयाची होती, तेव्हा त्याच्यापुढे आदर्शवाद पाघळण्याचा मला अधिकार नव्हता. माझ्या वाट्यातून मी थोडे सोडले, त्याने थोडे सोडले आणि घर त्या कुटुंबाकडे गेले. पुढे त्यांनी ते पाडले तर कोणता कागद त्यांना अडविणार? खरेदीखतात चतुःसीमा लिहितात, क्षेत्रफळ लिहितात. भिंतीवरच्या रेघेचा उल्लेख त्यात कोठे बसत नाही. मी ती त्यांच्या मुलाला दाखविली. त्याने रेघेशी पाठ लावून आपली उंची मोजून पाहिली. रेघ बरीच वर राहिली याचे त्याला वाईट वाटले.

नव्या जागी सर्व काही आहे. प्रकाश आहे, वारा आहे, उद्वाहक आहे. चालण्यासाठी इमारतींच्या भोवती एक तांबडी गोल वाट आखलेली आहे, आणि सकाळ-संध्याकाळ माणसे तिच्यावरून कानांत यंत्रे घालून घाण्याच्या बैलांप्रमाणे फिरत असतात. येथे चालणे हे औषध आहे. पेठेत ते आमच्या अन्नासारखे होते, भूक लागावी आणि जेवावे इतके सहज. येथे दुकान हवे तर वाहन काढावे लागते, कारण आवाराच्या भिंतीपलीकडे चार पदरी रस्ता आहे आणि त्याच्या कडेला पदपथ नाही. पेठेत खाली दुकान, वर घर, आणि दोघांची दारे रस्त्यावर. एवढ्या साध्या रचनेतून जे साधत होते ते येथील सुंदर बागेला साधलेले नाही. मनुष्य बागेत चक्कर मारतो, पण चक्कर मारताना त्याला कोठेच जावयाचे नसते.

मला पेठेची ओढ लागते तेव्हा मी वनाजपर्यंत रिक्षाने जातो, मेट्रोत बसतो आणि जिल्हा न्यायालयाच्या स्थानकावर गाडी बदलून मंडईस उतरतो. २०२४ च्या सप्टेंबरअखेर ती भुयारी वाट खुली झाली हे आम्हां निर्वासितांचे दैवच म्हणावयाचे. पण एक फरक ध्यानात येतो. पूर्वी मी तेथे काही कामाने निघत असे आणि माणसे भेटत. आता माणसांना भेटावयास म्हणून जातो आणि सारे कामात असतात. वाणी आता मला बसावयास स्टूल देतो. पूर्वी कधी दिले नव्हते.

असो. तक्रार करण्याचा माझा हेतू नाही, आणि तशी ती घरात चालूनही घेतली जात नाही. कारण पत्नी रोज एकटी खाली जाते. काठी घेऊन, सावकाश, आठवड्यातून सातही दिवस. दोन वर्षे खिडकीतून जग पाहिलेल्या व्यक्तीला त्या तांबड्या वाटेचीही अपूर्वाई आहे, हे मी जवळून पाहातो. आवाराच्या दाराशी गेल्या दिवाळीपासून मुळशीकडची एक बाई टोपली घेऊन बसू लागली आहे. परवा पत्नी तिच्याकडे कोथिंबीर आणावयास गेली. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मी दोनदा सज्जात जाऊन खाली डोकावलो. तासाने ती परत आली, तेव्हा त्या बाईच्या धाकट्या लेकीची दहावीची परीक्षा, चौथ्या मजल्यावरच्या आजींचे मोतीबिंदू आणि पहारेकऱ्याचे गाव, एवढे सगळे तिला कळलेले होते. कोथिंबीर मात्र ती तिथेच विसरून आली होती.