व्हॉल्व्हची गोडी

आमच्या एकत्र कुटुंबांत ज्या विषयांवर पंक्तींत वाद होतात, त्यांत राजकारणाच्या खालोखाल मान व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकाचा. आमचे वडीलबंधु दादा यांचें मत असें कीं, ट्रॅन्झिस्टरमधून गाणें नुसतें ऐकूं येतें. व्हॉल्व्हमधून तें गाइलें जातें. या मताची थट्टा करणारे घरांत पुष्कळ. परंतु गेल्या वर्षीं ध्वनिवर्धकाच्या डाव्या बाजूचा ट्रान्स्फॉर्मर जळाला, तो मनाजोगा गुंडाळून देणारा कारागीर मिळेना, आणि ऐंशी उलटलेल्या दादांनीं तबकड्या कपाटांत ठेवून कुलूप घातलें. तेव्हां थट्टा थांबली. संध्याकाळीं दिवाणखाना अगदीं मुका होई.

शेवटीं मधल्या भावाच्या मुलानें ट्रॅन्झिस्टरकडूनच व्हॉल्व्हचें काम करून घेण्याचा घाट घातला. पुरुषानें स्त्रीभूमिका करावी तसलाच हा प्रकार, असें मी म्हणणार होतों. पण बालगंधर्वांचें स्मरण झालें आणि गप्प बसलों.

दादांची तक्रार केवळ काल्पनिक नव्हे. व्हॉल्व्हची मर्यादा जवळ आली कीं तो हळूहळू दबतो, एकदम तुटत नाहीं. एकाच व्हॉल्व्हवर चालणाऱ्या साध्या रचनेंत या दबण्यांतून जे उपस्वर उमटतात, त्यांत दुसरा प्रमुख. आणि दुसरा उपस्वर म्हणजे वरच्या सप्तकांतील तोच स्वर. षड्जाला षड्जाचीच साथ! उलट ट्रॅन्झिस्टरचा नेहमींचा ध्वनिवर्धक मर्यादेपर्यंत निर्मळ राहतो, आणि ती ओलांडतांच लाटेचे माथे छाटतो. मग वरचे विषम उपस्वर उठतात. त्यांतला सातवा तर कोमल निषादाच्याहि किंचित् खालीं पडतो. कानाला तें बोचणारच.

म्हणून पुतण्यानें फील्ड-इफेक्ट जातीचा ट्रॅन्झिस्टर निवडला. व्हॉल्व्हमधील जाळीप्रमाणें त्याचें द्वारहि विद्युद्दाबाच्या तंत्रानें चालतें, व त्याची विकृति मुख्यतः दुसऱ्याच उपस्वराची असते. शिवाय कर्ण्याच्या वाटेवर त्यानें कांहीं ओहमांचा रोध घातला. जुन्या यंत्राचा अंतर्गत रोध मोठा असल्यानें कर्ण्याच्या स्वभावाप्रमाणें कांहीं स्वर फुगतात, कांहीं दबतात. पुष्कळांना जी 'गोडी' वाटते ती बरीचशी हीच.

ही युक्ति नवी नाहीं. १९८५ सालीं अमेरिकेंतील बॉब कार्व्हरनें 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या संपादकांशीं पैज लावली कीं, तुम्हांला आवडेल तो ध्वनिवर्धक निवडा, माझा स्वस्त ट्रॅन्झिस्टरचा मी तसाच वाजवून दाखवितों. दोन्ही यंत्रांना एकच संगीत देऊन त्यानें एकाच्या ध्वनींतून दुसऱ्याचा वजा केला. बाकी जें उरे तें दुरुस्त करीत तो बसला. बाकी सुमारें सत्तर डेसिबल खालीं, म्हणजे तीन हजारांशाच्या घरांत गेली, आणि संपादकांना फरक ओळखतां येईना.

आमच्याकडे उजवी बाजू शाबूत होती. तिच्याशीं ताडून पुतण्यानें काम पुरें केलें. हें यंत्र जुन्याच पेटींत बसवून दादांना कांहीं सांगूं नये, असा त्याचा बेत होता. वहिनींनीं तो साफ मोडून काढला. "त्यांना फसवून ऐकवायचं असेल तर माझ्या घरांत नको," त्या म्हणाल्या. मलाहि तें पटलें, जरी पुतण्याचा हेतु प्रेमाचा होता.

तेव्हां आधीं सांगूनच अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी लावली. ती संपेपर्यंत दादा डोळे मिटून होते. मग त्यांनीं पेटीवर हात धरला. थंडीच्या दिवसांत व्हॉल्व्हवर हात शेकण्याची त्यांची जुनी सवय.

"आवाज जमलाय रे," ते म्हणाले, "ऊब नाहीं."

"मोठेकाका, आंत लाल दिवा बसवूं का?"

"छे! गातंय तेवढं पुरे."

आणि कनवटीची किल्ली काढून वहिनींच्या हातीं देत, हिराबाईंच्या तबकड्या पुसून ठेवावयास त्यांनीं सांगितलें.